शेजारच्या ताटातलं खतखतं

चहा उकळत होता, आणि प्रभावती पातेल्याकडे बघायचं सोडून शेजारच्या घराच्या मागल्या दाराकडे बघत होती. शेगडी सोप्यावर मांडली होती, कारण स्वयंपाकघरात अजून चिखल होता. तिचा नवरा गोकुळदास ओल्या भिंतीपासून दूर ओढलेल्या खुर्चीत बसून, पोदेराने, दारावर येणाऱ्या पाववाल्याने, नुकताच दिलेला गरम पाव मोडत होता. पूर आला, घरात कंबरभर पाणी चढलं, लोणच्याच्या बरण्या नदीने नेल्या, पण चहात बुडवायला पाव मिळाला की हा माणूस सुखी. प्रभावतीला त्याच्या त्या सुखाचासुद्धा हेवा वाटे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दार सताड उघडं होतं. पाणी ओसरल्यापासून ते बंदच होत नव्हतं, फळ्या फुगल्या होत्या. तरी टकटक. हळर्णात उघड्या दारावर कोणी टकटक करत नाही, "आसात मगे घरात?" असं विचारता विचारता माणूस चुलीपर्यंत पोचलेला असतो. टकटक करतो तो एक मीटर बघणारा, नाहीतर मतं मागणारा.

"वयनी, सामान आणलंय गो."

क्लेमेंतीन होती. डोक्याला रुमाल, फ्रॉकवर नवऱ्याचा जुना रेनकोट, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. दोन गावं पलीकडच्या चर्चची ही बाई. तिच्या घरचीच बेकरी, जिचा पाव गोकुळदास या क्षणी मोडत होता. पाणी उतरल्या दिवसापासून त्या चर्चची माणसं फावडी, बाल्द्या आणि जेवणाचे डबे घेऊन हळर्णात येत होती. त्यांची रीत अशी, की पुरात सापडलेलं एकेक घर आपल्यातल्या एकेकाने वाटून घ्यायचं आणि ते घर सावरेपर्यंत त्याचा हात सोडायचा नाही. क्लेमेंतीनने दोन घरं घेतली होती, एक प्रभावतीचं आणि एक शेजारच्या यशोदेचं.

"तांदूळ, मूगडाळ, तेल, नारळ," क्लेमेंतीन खालच्या पायरीवरूनच म्हणाली. "दुकानातून सरळ इकडे आणलं हां वयनी. आमच्या घरात उतरवलंसुद्धा नाही."

देवळाच्या पायरीवर नैवेद्य ठेवावा तशी तिने दोन्ही हातांनी पिशवी वरच्या पायरीवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. चहा घेतेस का, हे प्रभावतीच्या अगदी ओठावर आलं होतं, पण तोवर बाई अंगण ओलांडून गेलीसुद्धा. तिच्या दुसऱ्या हातात चार पुडांचा डबा होता. तो डबा यशोदेकडे गेला. मागल्या दाराने, न विचारता, न ठोकता.

"यशोदे, उठलीस गो? की अजून घोरतेस?"

आणि मग हसण्याचा आवाज. दोघींचा.

"साखर घातलीस ना यात?" गोकुळदासने विचारलं.

"घातली."

"लागत नाही."

"मग जिथे गोड आहे तिथे जाऊन प्या."

गोकुळदासने पाव बुडवला. संसारात त्याने एवढं शिकून ठेवलं होतं, की बायको चहाबद्दल बोलते तेव्हा ती चहाबद्दल बोलत नसते.

प्रभावती मूळची डिचोलीची, बाजारातल्या कापडवाल्याची धाकटी मुलगी. दुकान घरचं, तागा घरचा, दोघी बहिणींचे परकर एकाच ताग्यातले, तरी धाकटी थोरलीच्या परकराचा घेर वितीने मापून बघायची. "हिच्या ताटात सोन्याचा भात वाढला तरी हिचे डोळे बहिणीच्या ताटात," असं तिची आई म्हणे. लग्न होऊन ती हळर्णात आली आणि डोळे जावेच्या ताटाकडे वळले. जाऊ वरच्या अंगाच्या घरात राही. जावेच्या सुपाऱ्या, जावेची पाटल्यांची जोडी, जावेच्या फणसाचे गरे. चतुर्थीला तर प्रभावती घरोघर दर्शनाला जाई ती गणपतीकडे एकदाच बघे. बाकी सगळा वेळ मान वर करून मूर्तीवर टांगलेल्या माटोळीत कोणकोणती रानफळं बांधलीत ते बघे. पुढच्या वर्षी गोकुळदासला त्या फळांसाठी डोंगर चढावा लागे.

वाड्यातल्या, गावच्या त्या वस्तीतल्या, बायका तिच्या या खोडीवर हसत, पण ती नसली तर त्यांचं अडेही. कोणाच्या कणगीत तांदूळ तळाला गेलाय हे पहिलं कळे ते प्रभावतीला, कारण सगळ्यांच्या कणगीत डोकावणारी तीच. हेव्याने बघितलं तरी दिसायचं ते दिसतंच. यशोदा दोडामार्गाकडून नवी आली, तेव्हा तिच्या घरात भात आणि आमटी एकाच टोपात आळीपाळीने शिजते हे कुंपणाच्या या बाजूने बघून प्रभावतीनेच स्वतःचं एक पातेलं तिला नेऊन दिलं होतं. यशोदेचा नवरा गोपाळ आधी खाणीवर ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्या तसा मालाचा टेम्पो घेऊन मोप्याच्या बाजूला भाडी मारायला लागला. दोन खोल्यांचं घर त्यांनी प्रभावतीच्या कुंपणाला लागूनच बांधलं. तेव्हापासून दिवसातून दहा वेळा हाक यायची. "काकी, मीठ संपलां." "काकी, ह्या फणसाची भाजी कशी करतत?" प्रभावती कुरकुरायची, आणि हाक नाही आली तर कुंपणाशी जाऊन उगाच खोकायची.

पुरानंतर ती हाक बंद झाली होती.

पूर आला तो श्रावण लागता लागता. दुपारी जेवणं आटोपत होती आणि नदी परसात आली. सगळा वाडा किल्ल्याकडच्या उंचावर शाळेत जाऊन बसला. पाणी उतरल्यावर सकाळी परत आले तेव्हा घरं जागच्या जागी होती, पण आतून ओळखू येत नव्हती. त्याच सकाळी चर्चची माणसं आली. कोणाला काही न विचारता फावडी मारायला लागली. प्रभावतीचं अंगण त्यांनी लख्ख केलं, विहीर उपसली, सोपा धुतला, माजघर धुतलं. आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबली.

"आतलं तुम्हीच बघा हां वयनी," क्लेमेंतीन म्हणाली होती, आणि फावडं खांद्यावर टाकून शेजारी गेली. शेजारी यशोदेच्या चुलीतला गाळ तिने स्वतःच्या हाताने काढला. यशोदेचे टोप राखेने घासले. भिंतीवर यशोदेने देवाचा फोटो लावला होता, तो पुसून पुन्हा खिळ्याला अडकवला, आणि वाकडा झाला का म्हणून मागे सरून बघितला. प्रभावतीने हे सगळं स्वयंपाकघराच्या जनेलातून पाहिलं, एका हाताने गज धरून. दुसऱ्या हातात खराटा होता. गुडघा दुखत होता. मुलगा सुदेश मोप्याच्या विमानतळावर पाळीने कामाला. सुट्टी मिळेल तसा येऊन टोपल्या भरून गाळ बाहेर टाकी, पण सुट्ट्या त्याच्या हातात नव्हत्या.

त्यानंतर दर सकाळी तेच. इकडे टकटक आणि शिधा, तिकडे हाक आणि शिजलेलं जेवण. मूग, भोपळ्याची भाजी, सोलकढी, सगळं श्रावण सांभाळून. चर्चच्या सभागृहात बायका पहाटेपासून चुलाणं पेटवतात म्हणे. कुंपणावरून वास यायचा. इकडे प्रभावती सोप्यावर पेज करायची. डाळ धड शिजत नव्हती, नारळ खवायला आदोळी नव्हती. तीही लोणच्याबरोबर नदीने नेली होती. पिशवीतले नारळ कोपऱ्यात रांगेने बसले होते आणि रोज त्यांत भर पडत होती.

आजही तेच झालं होतं. चहा आटोपल्यावर यशोदा कुंपणाशी कपडे वाळत घालायला आली तेव्हा प्रभावती तिथेच होती. तुळशीला पाणी घालत होती. तुळस वाहून गेली होती, नुसतं वृंदावन होतं, पण पाणी घालत होती.

"काय गो यशोदे, घरात बारसं आहे की काय? हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत जातो."

"कसला बारसा, काकी," यशोदा ओशाळून हसली. "क्लेमेंतीनबाय नवऱ्याची गंमत सांगत होती. पुराच्या दिवशी तो म्हणे भट्टीवर चढून बसलेलो. खाली उतर म्हटला तर म्हणता, पीठ भिजताला."

"बरं आहे. आम्हाला नाही कोणी गमती सांगत."

"काकी, ती तुमका भियेता."

"मला?" प्रभावतीच्या हातातला तांब्या थांबला. "मी काय तिला खाते?"

"तसा नाय. ती म्हणता, वयनीच्या दारात पाऊल चुकीचा पडला तर त्यांका सगळा घर परत धुवचा लागात."

प्रभावतीला यातलं काही कळलं नाही, फक्त एवढंच ऐकू आलं, की तिच्याबद्दल त्या दोघी बोलतात आणि ती त्यात नसते. "तुझी चंगळ आहे बाई," ती म्हणाली. "शिजवायचं नाही, घासायचं नाही. पूर यावा तर तुझ्यासारखा."

हे बोलायला नको होतं. यशोदेने शेवटचा कपडा दोरीवर टाकला, तो सरळ केला आणि हळू आवाजात म्हणाली, "आज खतखतां आणलांहा तिनी. तुमका आवडता म्हणान मी म्हटलं, काकींका वाटीभर देऊया. तर ती म्हणाली, नको गो, त्यांका दोष लागतलो." आणि आत निघून गेली.

खतखतं. प्रभावती सोप्यावर येऊन बसली. कणगीचे कंद, नीरफणस, मक्याचे तुकडे, शेवग्याच्या शेंगा, वरून ठेचलेली तेफळं. देवळातल्या समाराधनेला तिच्या हातचं खतखतं म्हणजे लोक भाताकडे बघत नसत. आणि आज ते शेजारी शिजून आलं होतं, आणि वाटीभरसुद्धा आपल्याला देऊ नये असं दुसऱ्या कोणीतरी ठरवलं होतं.

"अहो," ती म्हणाली. "दोष म्हणजे कसला? कुणाला?"

गोकुळदास वर्तमानपत्राची ओली पानं एकमेकांपासून सोडवत होता. "कसला दोष?"

"ती क्लेमेंतीन माझ्या चुलीपाशी का येत नाही? तिकडे रांधलेलं, इकडे कच्चं, असं का?"

"अगं, ते होय." त्याचा चेहरा उजळला. "पहिल्या दिवशी पाद्रीबाब आले होते ना, तू विहिरीकडे होतीस. फार चांगला माणूस. मला विचारलं, काका, श्रावण चालू आहे, तुमच्या घरी काय चालतं काय नाही ते सांगा, आमच्या बायका नव्या भांड्यांत करतील. मी सांगितलं, आमच्याकडे बाहेरचं शिजलेलं चालत नाही. आमच्या हिचं सोवळं कडक."

"कुणाचं?"

"तुझं."

नवऱ्याने हे इतक्या अभिमानाने सांगितलं होतं, की जणू बायकोला पदक मिळालंय.

"ते तुमच्या आईचं होतं."

"मग आई गेल्यावर कोणी चालवलं? जाऊबाईंपेक्षा तुझंच कडक, असं देवळात सगळे म्हणायचे. तूच सांगायचीस घरी येऊन."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून जास्त झोंबलं. सासू गेली तेव्हा प्रभावती मनात म्हणाली होती, सुटले. पण वरच्या घरात जाऊ ओलेत्याने नैवेद्य करते म्हणून लोकांनी तिचं नाव काढलं, त्या दिवसापासून प्रभावतीनेही सासूचा सोवळ्याचा पितळी लोटा पुन्हा घासून काढला. जावेने धाब्यावरचा चहा सोडला, तर हिने लग्नघरचं पाणी सोडलं. देवाला त्यातलं किती पोचलं देव जाणे, पण जावेला पोचलं होतं. ती जाऊ मुलाकडे म्हापशाला राहायला गेली, स्पर्धेला कोणी उरलं नाही, आणि लोटा कपाटावर चढला तो चढलाच. नाव मात्र खाली उतरलं नव्हतं.

"आणि हा पाव?" तिने त्याच्या बशीकडे बोट केलं. "हा रोज सकाळी कुठून येतो? तिच्याच घरातून ना? तिच्याच हाताने मळलेला?"

"पाव म्हणजे पाव," गोकुळदास शांतपणे म्हणाला. "तो जेवणात धरत नाहीत."

"आणि खतखतं?"

"ते जेवणात आलं."

बोलून उपयोग नव्हता. या घरात हे गणित तिने स्वतःच मांडून ठेवलं होतं, तो बिचारा फक्त उत्तर वाचून दाखवत होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली. चिखल सुकून भेगाळला होता. चुलीवर कोणाचा हात फिरला नव्हता. क्लेमेंतीन उंबऱ्याशी थांबली होती ती आळसाने नव्हे, आपपरभावाने नव्हे. मान राखून थांबली होती. इतका मान, की त्या मानाने प्रभावतीला आठवडाभर उपाशी नाही पण एकटं ठेवलं होतं.

हे कळल्यावर हेवा जायला हवा होता. गेला नाही. उलट त्याला आता चांगली बसायला जागा मिळाली. यशोदेला कोणी काही विचारलंच नव्हतं. यशोदेचं सोवळं होतं कुठे? भाड्याच्या टेम्पोवर पोट असलेल्या माणसाची बायको, तिला वाढताना कोणाला दहा वेळा विचार करावा लागत नाही. चार पुडांचा डबा समोर ठेवायचा आणि मांडी घालून बसायचं. प्रभावतीला आयुष्यात बहिणीच्या परकराचा, जावेच्या पाटल्यांचा हेवा वाटला होता; पण कोणाकडे काही नाही याचा हेवा तिला पहिल्यांदाच वाटत होता.

दुपारी तिकडे ताटं मांडल्याचा आवाज आला.

प्रभावतीने लुगड्याचा पदर खोचला. पिशवीतला एक नारळ हातात घेतला, रिकाम्या हाताने जाणं तिला कधी जमलं नव्हतं. मग तो परत ठेवला. नारळ घेऊन गेलं तर क्लेमेंतीनला वाटेल, परत करायला आली. ती पुढच्या दाराने निघाली, आणि अंगणातून पुन्हा वळली. पुढच्या दाराने पाहुणे जातात. कुंपणात पुराने पाडलेली एक फट होती. तिने पाऊल टाकलं, चप्पल चिखलात रुतली, ती तिथेच सोडून दिली.

"कुठे निघालीस?" सोप्यावरून गोकुळदासने विचारलं.

"जेवणात काय काय धरतात ते बघायला."

यशोदेच्या मागल्या दाराशी ती पोचली तेव्हा आत तिघं बसली होती. गोपाळ भिंतीला टेकून जेवत होता. यशोदा आणि क्लेमेंतीन समोरासमोर, मध्ये उघडलेला डबा. क्लेमेंतीनचा रेनकोट खिळ्याला अडकवलेला होता, देवाच्या फोटोच्या शेजारी, अगदी घरच्यासारखा. काहीतरी सांगताना तिचा हात वर गेला होता, तो दारातल्या सावलीकडे बघून तसाच थांबला. गोपाळ सावरून बसला. यशोदेने पदर ओढून घेतला आणि तिची नजर खाली गेली. सकाळचं ते बोलणं अजून तिच्या चेहऱ्यावर होतं.

क्लेमेंतीन घाईने उठली, हात फ्रॉकला पुसत. "वयनी, कायतरी कमी पडलं? तेल पुरलं नाही? मी उद्याच..."

प्रभावती येताना बरंच काही घेऊन आली होती, तोंडात. आमच्या दारावर टकटक करतेस आणि इथे मांडी घालतेस. मी काय परकी. सोवळं कधीच संपलं, ते फक्त माझ्या नवऱ्याला ठाऊक नाही. यशोदे, पातेलं तुला मी दिलं होतं, आठवतं का? यातलं एकेक वाक्य तिने कुंपणाच्या फटीपासून इथवर जिभेवर घोळवलं होतं. पण दारात उभं राहिल्यावर तिचे डोळे गेले ते सवयीने जिथे जायचे तिथेच, शेजारणीच्या ताटात. यशोदेच्या ताटात खतखतं होतं. तेफळांचा वास तिच्यापर्यंत आला. कणगीच्या फोडी मोठ्या होत्या, तिने बारीक केल्या असत्या. रस थोडा पातळ होता. कडेला शेवग्याच्या दोन शेंगा होत्या, चांगल्या गराच्या.

"तेल आहे," प्रभावती म्हणाली.

"मग डाळ?"

"डाळ पण आहे."

क्लेमेंतीन गोंधळून उभी राहिली. तिच्या डोळ्यांत ती भीती होती, चुकीचं पाऊल पडलं की काय याची. यशोदा सांगत होती ती भीती हीच.

प्रभावतीने उंबरा ओलांडला. पाय चिखलाचे होते, जमिनीवर खुणा उमटल्या; यशोदेचं लक्ष त्या खुणांकडे गेलं. गोपाळने आपला पाट पुढे सरकवला. प्रभावतीने तो घेतला नाही. ती जमिनीवरच बसली, यशोदेच्या शेजारी, गुडघा दुखत होता तरी मांडी घालून.

"क्लेमेंतीन," ती म्हणाली, "मला पण वाढ. हिला वाढलंस तेवढंच."